लस कुत्र्याला, जीव माणसाचा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, नोकऱ्या आणि चळवळीचा इतिहास या विषयांवर लेख येत असतात, आणि ते यायलाच हवेत. यंदा आम्ही कुत्र्यांवर लिहावयाचे ठरविले, हे ऐकून काही सभासदांना हसू आले. एका ज्येष्ठ सभासदांनी तर सरळ विचारले, "माणसांचे प्रश्न संपले काय?" त्यांचा प्रश्न आम्हाला चुकीचा वाटत नाही. ज्या समाजाला १९२७ पर्यंत महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेता येत नव्हते, आणि त्याच तळ्यावर कुत्री-मांजरे मात्र खुशाल पाणी पीत होती, त्या समाजातील माणसाला कुत्र्याविषयी कळवळा दाखविणारे लेख वाचून राग येणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की हा लेख कुत्र्याच्या लाडाविषयी नाही. आपल्या वस्तीत, आपल्या मुलांच्या पोटरीला चावणाऱ्या आणि तरीही आपल्याच दारात बसणाऱ्या प्राण्याचे आरोग्य आणि आपले आरोग्य एकाच दोरीने कसे बांधले गेले आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

कुत्रे चावते कोणाला? बंगल्याच्या कंपाउंडात राहणाऱ्या माणसाला ते क्वचितच चावते. पहाटे झाडू घेऊन निघणारा सफाई कामगार, दूध घालायला जाणारा, रात्रपाळीहून सायकलवरून परतणारा गिरणी-कारखान्यातला कामगार, उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपलेले लहान मूल, शाळेतून चालत घरी येणारी पोरे, यांना ते चावते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये देशभर घरोघर जाऊन जी पाहणी केली, तिच्यानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि त्यातल्या दर चार चाव्यांतले तीन कुत्र्याचे असतात. रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात असा त्या पाहणीचा अंदाज आहे. पूर्वीचे अंदाज वीस हजारांपर्यंत जात असत, तेव्हा सुधारणा झाली आहे हे मान्य केले पाहिजे. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, ती अशी की कुत्रे चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने लस घेतलीच नव्हती. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. तरीही ती घेतली जात नाही, याचे कारण एका दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते, आणि "एवढेसे खरचटले आहे, त्याला काय होते" असे सांगणारे कोणीतरी घरात असतेच.

रेबीज, म्हणजे ज्याला आपण कुत्रे पिसाळणे म्हणतो, हा विषाणूचा रोग आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो. कधी आठवडाभरात पुरा होतो, कधी वर्षाहून अधिक लागते. चावा डोक्याच्या जितका जवळ तितकी वाट छोटी, म्हणून लहान मुलाच्या तोंडाला किंवा मानेला झालेला चावा फार धोक्याचा. विषाणू वाटेत असेपर्यंत लस त्याला अडवू शकते. तो मेंदूत पोचला, माणसाला पाण्याची भीती वाटू लागली, वाऱ्याची झुळूक सहन होईना, की मग जगातल्या कोणत्याही दवाखान्यात त्यावर खात्रीचा इलाज नाही. शंभर टक्के टाळता येणारा आणि सुरू झाल्यावर जवळजवळ शंभर टक्के मारणारा असा दुसरा रोग दाखविणे कठीण आहे.

चाळिशीच्या पुढच्या वाचकांना पोटातली चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस होती. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास ती बनविली आणि आपल्या देशात ती २००४ अखेरपर्यंत वापरात होती. त्या इंजेक्शनांच्या धास्तीनेच कित्येक माणसे दवाखान्यात गेली नाहीत. ती धास्ती अजून घराघरातून सांगितली जाते. आजी नातवाला सांगते आणि नातू इंजेक्शनाच्या नावाने रडतो. आता तसे काही राहिलेले नाही. सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत अगदी थोडी लस टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (पहिला दिवस शून्य धरून हे दिवस मोजावयाचे असतात, यात बऱ्याच जणांची गफलत होते.) जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत तयार प्रतिद्रव्यांचे, म्हणजे सीरमचे इंजेक्शनही द्यावे लागते. ते आपल्या जवळच्या दवाखान्यात नसेल तर कोठे मिळेल हे विचारून घ्यावे, "पुढच्या वेळी बघू" या उत्तरावर परत फिरू नये.

आणि दवाखान्यात जाण्याआधी काय करावे? नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. या विषाणूला साबण सोसत नाही. गरिबाच्या घरी सापडणारे, दोन-पाच रुपयांचे हे औषध निम्मे काम करून जाते. आपल्याकडे मात्र चुना लावतात, तिखट भरतात, हळद दाबतात, कोणी अंगारा लावतो, कोणी दोरा बांधून आणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालावे याचे आम्हाला वाईट वाटते, पण चालते हे खरे आहे.

हे झाले चावल्यानंतरचे. चावण्यापूर्वीचे काम मात्र माणसाच्या दवाखान्यात होत नाही. ते गल्लीत होते.

गल्लीतल्या कुत्र्यांचे करावयाचे काय, या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर म्हणजे "मारून टाका". जुन्या काळी नगरपालिका विषाचे लाडू टाकीत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, आणि ते काम कोणाच्या गळ्यात टाकले जाई हेही आपल्याला ठाऊक आहे. मेलेली कुत्री उचलणाऱ्यांत आपलेच लोक असत. पहिल्या शीलाच्या दृष्टीने ते वाईट होते हे तर झालेच, परंतु ज्यांना शीलाचे सोयरसुतक नाही त्यांनीही व्यवहार पाहावा. कुत्री गाभण राहिल्यानंतर साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिल्ले होतात. त्यातली बरीच वर्षाच्या आत मरतात, कारण खायला पुरत नाही. गल्लीत किती कुत्री राहणार हे गल्लीतला उकिरडा ठरवितो. दहा मारली तर उकिरडा तसाच राहतो. उरलेल्यांची पिल्ले जगतात, शेजारच्या गल्लीतली नवी येतात, आणि नवी आलेली अनोळखी कुत्री अधिक भांडतात, अधिक चावतात. त्याहून वाईट म्हणजे मारलेल्या दहात लस टोचलेली चार असतील तर आपण स्वतःच्या हाताने आपली भिंत पाडली असे होते.

हे आम्ही पुस्तकी सांगत नाही. जगात याचा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो बेटांवर झाला आहे. इंडोनेशियात फ्लोरेस नावाचे बेट आहे. १९९७ पर्यंत तेथे रेबीज नव्हता. त्या वर्षी दुसऱ्या बेटावरून होडीतून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला. सरकारने कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या काही वर्षांत बेटावरची जवळजवळ निम्मी कुत्री मारली गेली. लोकांनी आपली आवडती कुत्री लपविली, काहींनी ती दुसऱ्या गावी पाठविली, आणि रोग त्यांच्याबरोबर गावोगाव फिरला. रेबीज गेला नाही. २००८ मध्ये तो बाली बेटावर पोचला. तेथेही आधी विष वापरले गेले आणि माणसे मरतच राहिली. २०१० पासून मात्र बेटभर जाळी घेऊन पथके फिरली, पकडलेल्या कुत्र्याला लस टोचून, गळ्यात रंगीत पट्टी बांधून तेथेच सोडून दिले, आणि रोग झपाट्याने उतरला. पुढे लसीकरण ढिले पडले तसा तो पुन्हा वर आला, हेही नमूद केले पाहिजे.

बेटाचे उदाहरण देण्याचे कारण असे की बेटाभोवती पाणी असते. बाहेरचे कुत्रे सहज आत येत नाही. म्हणून बेटावर एकदा नीट काम केले की ते टिकते, आणि काम फसले तर ते कशाने फसले हे लपत नाही. आपल्या देशातही लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही बेटे रेबीजपासून मुक्त राहिली आहेत. लक्षद्वीपमध्ये तर कुत्री न्यायलाच बंदी आहे.

सातारा-सांगलीला समुद्र नाही, मग आपल्याकडे बेटे कोठून येणार, असे विद्यार्थी मित्र विचारतील. त्यांनी एकदा बामणोली किंवा तापोळ्याला जाऊन यावे. कोयना धरण झाले आणि शिवसागराचे पाणी सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरले. जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली कित्येक गावे पाण्याच्या पलीकडे राहिली. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला बाजार, शाळा, दवाखाना यांसाठी वर्षानुवर्षे लाँचचीच वाट पाहावी लागली. आता पुलांची कामे निघाली आहेत, तरी पावसाळ्यात धुके उतरले, वारा सुटला, की पलीकडचे पलीकडेच राहते. तरणी माणसे माथाडी कामाला मुंबईत, आणि घरी म्हातारी माणसे, दोन म्हशी आणि एक कुत्रे. कुत्रे तेथे शोभेचे नसते. बिबट्या आला की ते भुंकते, आणि पुष्कळदा बिबट्या त्यालाच उचलून नेतो. अशा गावात एखादे कुत्रे पिसाळले आणि रात्री म्हातारीला चावले, तर सकाळची लाँच, मग जीप, मग मेढा किंवा सातारा, असा तो प्रवास आहे. तेथे लस माणसाकडे नेण्यापेक्षा ती आधीच कुत्र्याला देऊन ठेवणे किती स्वस्त पडेल, हे निराळे सांगावयास नको.

दुसरे बेट दर काही वर्षांनी कृष्णामाई स्वतः तयार करते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतली नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटली. ते दुःख या भागातील कोणी विसरणार नाही. अशा वेळी माणसे छपरावर किंवा शाळेच्या गच्चीवर जातात आणि कुत्रीही तेथेच येतात. भुकेली, भेदरलेली, निरनिराळ्या गल्ल्यांतली कुत्री एका गच्चीवर आली म्हणजे भांडणे आणि चावे होणारच. पूर ओसरल्यावर मेलेली जनावरे पडलेली असतात, त्यांवर कुत्री जमतात. तेव्हा लस शोधत हिंडणे व्यर्थ असते. पूरपट्ट्यातल्या गावांचे लसीकरण मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पूर्ण झालेले असले पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. पूरनियंत्रणाच्या बैठकांत बोटी, धान्य, औषधे यांच्या याद्या होतात. त्या यादीत ही एक ओळ घालावयास पैसा जवळजवळ लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. किती कुत्र्यांना लस द्यावी लागते? सगळ्यांना नाही. शंभरातील सत्तर कुत्र्यांना दर वर्षी लस मिळत राहिली, तर रोगाला एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला वाट सापडत नाही आणि तो आपोआप विझतो. दर वर्षी अशासाठी की गल्लीतले कुत्रे फार जगत नाही. आज टोचलेली काही पुढच्या वर्षापर्यंत मरतात आणि न टोचलेली पिल्ले त्यांच्या जागी येतात.

गोव्यात हे करून दाखविण्यात आले. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा शासन यांनी मिळून २०१४ च्या सुमारास काम सुरू केले. पथके गावोगाव, वाड्यावाड्यांवर फिरली. मोबाइलवर प्रत्येक कुत्र्याची नोंद झाली. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली जाऊ लागली, शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकविण्यात आले, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनीची सोय झाली. कुत्र्यांतला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१८ पासून काही वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस मेल्याची नोंद झाली नाही आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. गोवा म्हणजे काही परदेश नव्हे. तेथील कुत्री आपल्यासारखीच गावठी आणि माणसेही आपल्यासारखीच, "आमचे कुत्रे चावत नाही" असे सांगणारी.

धम्माच्या दृष्टीने आम्हाला दोन शेजारी देशांचा उल्लेख करावासा वाटतो. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेविले आहे, आणि ती व्यवस्था ज्या प्रदेशांपर्यंत गेली त्यांत ताम्रपर्णीचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे नाव आहे. त्या बेटावर १९७० च्या दशकात रेबीजने वर्षाला साडेतीनशेच्या आसपास माणसे मरत. कुत्र्यांचे लसीकरण आणि माणसांना वेळेवर उपचार यांनी हा आकडा अलीकडे चाळीसच्या आत आला आहे. २००६ पासून तेथे सरसकट कुत्री मारणे थांबविले, म्हणून रोग वाढला असे झाले नाही. दुसरा देश भूतान. २००९ पासून चौदा वर्षे त्यांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण चालू ठेविले, आणि २०२३ मध्ये देशातील सर्व मोकाट कुत्री पूर्ण झाल्याचे जाहीर केले. चौदा वर्षे! आपल्याकडे एखादी मोहीम चौदा महिने टिकली तरी सत्कार होतो.

नसबंदी आणि लस यांत आधी काय, हा वाद नेहमी निघतो. रोग थांबवितो तो लसीने. संख्या आटोक्यात येते ती नसबंदीने, आणि तीही सावकाश. नसबंदीला शस्त्रक्रियेची खोली, डॉक्टर, नंतर काही दिवस पिंजऱ्यात ठेवण्याची सोय लागते. लस गल्लीतच टोचता येते. म्हणून लहान गावाने नसबंदीची सोय होईपर्यंत लसीला थांबवून ठेवू नये. माद्यांची नसबंदी मात्र जमेल तेव्हा करून घ्यावी. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते, तिच्याकडे पाहून पुन्हा धरपकड टाळता येते. कायद्याचे म्हणाल तर केंद्र शासनाने २००१ मध्ये आणि नंतर सुधारून २०२३ मध्ये जे नियम केले, त्यांनुसार हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रे मूळ जागी सोडावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हेच तत्त्व कायम ठेवून पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत असे सांगितले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. म्हणजे आपल्या शाळेच्या आवारातील कुत्र्यांविषयी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी विचारण्याचा आधार आपल्याला आहे.

पण नियमाने कुत्रे पकडले जात नाही. ते पकडते ओळखीचे माणूस. गाडी येते, गणवेशातली अनोळखी माणसे जाळे घेऊन उतरतात, आणि पाच मिनिटांत गल्लीतली सगळी कुत्री नाहीशी होतात. त्याच गल्लीतली दहा वर्षांची मुलगी "काळ्या, ये" म्हणाली की काळ्या शेपूट हलवीत येतो. आपण ज्याला बेवारस म्हणतो ते कुत्रे खऱ्या अर्थाने बेवारस नसतेच. एका घरी सकाळची भाकरी, दुसऱ्या घरी दुपारचा भात, तिसऱ्याच्या ओट्यावर झोप. मालक कोणीच नाही आणि ओळखतात सगळे. ही ओळख हेच आपले भांडवल आहे. रविवारी विहारात वंदनेला माणसे जमतात. त्याच दिवशी अंगणात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावले, मुलांनी आपापली कुत्री सुतळीने बांधून आणली, तर दोन तासांत चाळीस-पन्नास कुत्री होतात. लस बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, एवढे पथ्य कडक पाळावे; शिवसागरापलीकडे न्यावयाची तर पेटी आणि लाँचची वेळ यांचा मेळ आधी घालावा. खंडाळा तालुक्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांना शिबिराचा सराव हवा असतो आणि आपल्याला हात हवे असतात.

तीन ठिकाणी आपल्या मोहिमा हटकून अपुऱ्या पडतात. एक म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या. गाळप हंगामात बीडकडून माणसे येतात, त्यांच्या गाड्यांमागे त्यांची कुत्रीही येतात. गावची यादी उन्हाळ्यात झालेली असते, त्यामुळे कोपीतले कुत्रे आणि कोपीतले मूल दोन्ही यादीबाहेर राहतात. येथे मुकादमाशी बोलून नोव्हेंबरात एक फेरी करावी लागेल. दुसरे ठिकाण म्हणजे आटपाडी, जत, माण, खटाव या भागातले धनगर वाडे. मेंढरांची कुत्री रानात असतात, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. ती धनगरानेच धरावयाची. त्या भागात आणखी एक रोग सांभाळावा लागतो. बकरे कापल्यावर फुप्फुस, काळीज यांतला खराब भाग कच्चाच कुत्र्याला टाकतात. त्यातल्या जंतांची अंडी पुढे कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. जत्रेच्या दिवशी हे सर्वांत अधिक घडते. तो भाग पुरावा किंवा जाळावा आणि कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे.

तिसऱ्या ठिकाणाविषयी लिहिताना हात जड होतो. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडले. ते सोडलेच पाहिजे होते. पण पुष्कळ गावांनी त्या कामाची दुसरी व्यवस्था कधी केलीच नाही. मेलेले जनावर ट्रॅक्टरला बांधून गावाबाहेर टाकले जाते, आणि गावाबाहेर म्हणजे पुष्कळदा आपल्याच वस्तीच्या कडेला. कोंबडीच्या दुकानांची आतडी-पिसेही तेथेच येतात. तेथे कुत्र्यांच्या झुंडी वाढतात आणि आपली मुले त्याच वाटेने शाळेत जातात. मग आपल्यालाच ऐकविले जाते की, तुमच्या वस्तीत कुत्री फार! ग्रामसभेत खोल खड्ड्याची आणि कचरा उचलण्याची मागणी करणे हा कुत्र्यांच्या बंदोबस्ताचाच भाग आहे. सफाई कामगारांना आणि कुत्री पकडणाऱ्यांना चावा होण्याआधीच रेबीजची लस टोचून घेता येते. पशुवैद्यकाचे विद्यार्थी ती घेतात. मग झाडू मारणाऱ्यानेच ती का घेऊ नये, हा प्रश्न आपल्या मंडळाने नगरपालिकेला लेखी विचारावा असे आम्हाला वाटते.

जातकांत कुक्कुर जातक म्हणून एक कथा आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री पावसात बाहेर राहिला आणि राजवाड्यातल्याच उंची कुत्र्यांनी त्याची भिजलेली चामडी खाल्ली. राजाला कोणीतरी सांगितले की बाहेरची कुत्री मोरीतून आत आली. त्याने शहरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम दिला. राजवाड्यातली मात्र वगळली. स्मशानात राहणारे एक कुत्रे, जे बोधिसत्त्व होते, दरबारात गेले आणि विचारू लागले, की गुन्हा कोणी केला हे न पाहता शिक्षा कोणाला? मग राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ चारण्यात आले, आणि त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. आम्हाला ही कथा आजची वाटते. महागडी विलायती कुत्री हौसेने आणून, कंटाळा आला की ती धरणावर किंवा घाटात सोडून येणारे लोक आम्ही पाहतो. हॉटेलांचा उरलेला माल रस्त्याकडेला टाकणारेही पाहतो. तक्रार मात्र गल्लीतल्या काळ्याची होते.

लहान मुलांना दोन गोष्टी घरीच शिकवाव्यात. कुत्रे अंगावर आले तर पळू नये. हात छातीशी घेऊन, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहावे. खाली पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून दगडासारखे पडून राहावे. खात असलेल्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. आणि चावले तर मार बसेल या भीतीने लपवू नये. हे आईबापांनीच मुलांना आधी सांगून ठेवावे लागते, कारण लपविलेला चावा सर्वांत घातक ठरतो.

या पावसाळ्यापूर्वी आपल्या मंडळाच्या विद्यार्थ्यांनी एक वही घालावी असे ठरले आहे. पहाटे, उजाडताना, माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी आपापल्या गल्लीतून दोन दिवस फिरावयाचे आणि दिसेल ते कुत्रे लिहावयाचे. रकाने पाच: रंग व खूण, नर की मादी की पिल्लू, कानाला खूण आहे की नाही, लूत, जखम वगैरे, आणि ते कोणाच्या हाकेला येते. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये. डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील.